छातीत दाटतं, अँजिओग्राफी मात्र स्वच्छ: हृदय सैल होतंय का, हे व्यायामाच्या इकोने कसं तपासायचं

काकूंचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. भाजीची पिशवी घेऊन त्या दुसऱ्या मजल्याच्या कठड्याशी थांबायच्या, छातीवर हात ठेवून दोन मिनिटं उभ्या राहायच्या, मग पुढे. वय ५८, बीपीची गोळी दहा वर्षं, साखर काठावर. टीएमटी (ट्रेडमिलवर चालवून काढलेला ईसीजी) पॉझिटिव्ह आली म्हणून अँजिओग्राफी झाली आणि नळ्या स्वच्छ निघाल्या. मी तेव्हा नुकताच इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला लागलो होतो. पंपिंग (दर ठोक्याला हृदय आतलं किती रक्त बाहेर टाकतं ते) ६० टक्के, म्हणजे चांगलं दिसलं आणि मी त्यांना म्हणालो, "काकू, हृदय ठणठणीत आहे. मनावर घेऊ नका." दोन वर्षांनी त्या परत आल्या, तेव्हा पहिल्याच मजल्यावर थांबत होत्या. त्या दिवशी त्यांना आडवं करून पेडल मारायच्या सायकलवर घेतलं आणि सहाव्या मिनिटाला हृदय सैल होण्यातला दोष इकोच्या पडद्यावर स्पष्ट दिसला. आधी तो दिसला नव्हता, कारण मी त्यांना फक्त स्वस्थ झोपवून तपासलं होतं. त्यांचा त्रास जिन्यावरचा होता.

अशा रुग्णांसाठी, त्यांच्या मुलासुनांसाठी आणि त्यांना पुढे पाठवणाऱ्या फॅमिली डॉक्टरांसाठी ही चाचणी पायरीपायरीने सांगतो.

आधी थोडं समजून घ्या: सैल होण्यालाही ताकद लागते

स्नायू आखडला म्हणजे काम झालं आणि सैल पडला म्हणजे विश्रांती, असं आपल्याला वाटतं. हृदयाच्या स्नायूला हे लागू नाही. आखडताना पेशीत कॅल्शियम सुटतं. पुन्हा सैल व्हायचं तर त्यातलं बहुतेक कॅल्शियम उचलून कोठारात परत भरावं लागतं, आणि ते भरणारा पंप एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, जाळूनच चालतो. रक्तपुरवठा कमी पडला की हा पंप लवकर मंदावतो. नेस्टो आणि कोवाल्चुक या दोन डॉक्टरांनी १९८७ साली रक्त कमी पडल्यावर हृदयात काय काय कोणत्या क्रमाने बिघडतं याची मांडणी केली. त्या क्रमात सैल होण्यातला दोष आधी येतो, मग भिंतीची हालचाल कमी होते, मग ईसीजी बदलतो, आणि छातीत दुखणं सगळ्यांत शेवटी. म्हणजे रुग्ण "दुखतंय" म्हणतो तोवर हृदय बराच वेळ अडचणीत असतं.

दुसरी गोष्ट वेळेची. नाडी ७२ असताना एका ठोक्यातला साधारण अर्धा सेकंद हृदयाला भरून घ्यायला मिळतो. नाडी १४० झाली की तोच वेळ पाव सेकंदाच्याही आत येतो. निरोगी हृदय तेवढ्यात झटकन सैल होतं आणि रक्त ओढून घेतं. कडक झालेल्या हृदयाचं वाळलेल्या पखालीसारखं होतं: चामडं ताठ झालं की पाणी ओतायलाच जोर लागतो. तो जोर म्हणजे भरतानाचा दाब. दाब वाढला की तो मागे फुप्फुसापर्यंत जातो आणि दम लागतो. शिवाय हृदयाच्या डाव्या भिंतीला स्वतःचं रक्त मुख्यतः सैल असतानाच मिळतं. आतला दाब वाढला की भिंतीचा आतला थर दाबला जातो आणि त्याला आणखी कमी रक्त पोचतं. अँजायना (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दाटणं) आणि कडकपणा एकमेकांना असे वाढवत नेतात.

पायरी १: ही चाचणी कोणाला लागते

चालताना, चढताना छातीत दाटतं किंवा दम लागतो, पंपिंग ५० टक्क्यांच्या वर आहे आणि झोपून काढलेल्या इकोत ठोस काही सापडत नाही, अशा रुग्णाला. त्यातही पन्नाशीपुढच्या बायका, जुनं बीपी, मधुमेह, वाढलेलं वजन, आणि अँजिओग्राफीत मोठ्या नळ्या मोकळ्या असूनही दुखणं न थांबलेले रुग्ण.

साध्या इकोतच दाब वाढल्याचं उघड दिसत असेल, म्हणजे रिपोर्टवर सैल होण्यातल्या दोषाची (डायस्टॉलिक डिसफंक्शन) ग्रेड २ किंवा ३ असेल, तर व्यायाम करून तेच पुन्हा सिद्ध करायची गरज नाही. उलट टोकाला, विश्रांतीत सैल होण्याचा वेग उत्तम असलेल्या माणसाचा दाब व्यायामाने वाढेल ही शक्यता फारच कमी. चाचणीचा खरा उपयोग मधल्या लोकांना, आणि त्या मधल्यांत बहुतेकांच्या रिपोर्टवर "ग्रेड १ डायस्टॉलिक डिसफंक्शन" हे शब्द असतात.

त्या शब्दांनी घरोघरी झोप उडते, म्हणून इथे जरा थांबतो. साठीनंतर काढलेल्या कितीतरी इकोंत ग्रेड १ येतं. हृदय थोडं सावकाश सैल होतंय, पण स्वस्थ असताना दाब वाढलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. काहीच त्रास नसेल तर बीपी आणि साखर सांभाळा आणि रोज चाला. त्रास असेल तर मात्र "ग्रेड १ तर सगळ्यांनाच असतं" म्हणून रिपोर्ट बाजूला ठेवू नका. स्वस्थ असताना ग्रेड १ असलेलं हृदय जिन्यावर कसं वागतं, हे जिन्यावरच कळतं.

कोणाला ही चाचणी करायची नाही तेही पक्कं लक्षात ठेवा: गेल्या दोन दिवसांत हार्ट अटॅक आलेला, बसल्याजागी दुखणारा किंवा दिवसागणिक वाढत जाणारा अँजायना, महाधमनीच्या झडपेचं लक्षणं देणारं तीव्र आकुंचन, काबूत नसलेली लय, पाणी भरून दम लागलेला रुग्ण. बसल्या-बसल्या छातीत दाटून घाम फुटत असेल तर चाचणीची तारीख घेत बसू नका, तडक इमर्जन्सीत जा.

पायरी २: योग्य चाचणी मागा

इथे बरीच गफलत होते. टीएमटीच्या पट्टीवर हृदय सैल होतंय की नाही ते दिसत नाही. ती पट्टी फक्त विजेची नोंद दाखवते. आपल्याला हवी ती व्यायामासोबतची इको, म्हणजे एक्सरसाइज स्ट्रेस इको, आणि त्यातही डायस्टॉलिक, म्हणजे सैल होण्याच्या, मोजमापांसह. बहुतेक ठिकाणी स्ट्रेस इकोत फक्त भिंतींची हालचाल बघतात. म्हणून अपॉइंटमेंट घेताना फोनवरच विचारा: "व्यायामानंतर ई बाय ई-प्राइम आणि टीआर व्हेलॉसिटी मोजता का?" (या शब्दांचा अर्थ पायरी ४ मध्ये आहे.) समोरचा गोंधळला तर दुसरं सेंटर बघा. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरही हे लिहून घ्या.

व्यायाम दोन प्रकारे होतो. एक, किंचित कलत्या पलंगावर आडवं राहून पेडल मारायची सायकल. दुसरा, नेहमीचा ट्रेडमिल. मला सायकल जास्त पटते, कारण रुग्ण पेडल मारत असतानाच छातीवर प्रोब ठेवता येतो. आपल्याकडे ट्रेडमिल मात्र जवळपास सगळीकडे आहे आणि घाई नीट साधली तर त्यावरही चाचणी चांगली होते. ज्यांना चालताच येत नाही त्यांना डोब्युटामिनचं इंजेक्शन देऊन स्ट्रेस इको करतात. ब्लॉकेज शोधायला ते ठीक आहे. सैल होण्याच्या या प्रश्नाला मात्र खरा व्यायामच हवा, कारण पाय चालतात तेव्हा हृदयाकडे परतणारं रक्त वाढतं आणि हृदयाची कसोटी तिथेच लागते.

पायरी ३: घरची तयारी

चाचणीआधी निदान तीन तास पोटभर जेवू नका. सकाळची वेळ असेल तर एखादी इडली किंवा थोडे पोहे चालतील. तंबाखू, मिसरी, बिडी त्या दिवशी नकोच.

गोळ्यांचा प्रश्न सगळ्यांत नाजूक. मेटोप्रोलॉलसारख्या बीटा ब्लॉकर गोळ्यांनी नाडी चढत नाही, म्हणून निदानासाठी त्या एक-दोन दिवस थांबवतात. पण हे ठरवणार तुमचे डॉक्टर. या गोळ्या मनाने एकदम सोडल्या तर अँजायना उसळू शकतो. औषधं चालू असूनही त्रास का होतोय हेच बघायचं असेल, तर गोळ्या घेऊनच चाचणी करतात. कोणती गोळी कधी घेतली ते कागदावर लिहून न्या. सॉर्बिट्रेट (छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी) रोजच्यासारखी सोबत असू द्या. इन्सुलिन किंवा साखरेची गोळी घेत असाल तर कमी खाऊन किती घ्यायची हे आदल्या दिवशीच विचारा, आणि पिशवीत बिस्किटं ठेवा.

कपड्यांचं कोणी सांगत नाही. साडीत पेडल मारता येत नाही, ट्रेडमिलवर तर साडी धोक्याचीच. सलवार किंवा ट्रॅक पँट आणि पुढून बटणं असलेला सैल शर्ट घाला. मंगळसूत्र आणि साखळी घरच्यांकडे द्या. चपला नकोत, बूट हवेत. पुरुषांच्या छातीवर इलेक्ट्रोडच्या जागी थोडे केस काढावे लागतील. इको करणारी स्त्री हवी असेल किंवा सोबत घरचं कोणी आत हवं असेल तर आधीच सांगा. संकोचाने अंग आखडून घेतलेल्या रुग्णाची इको नीट येत नाही.

आणखी एक. जाण्याआधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड बघून घ्या. हिमोग्लोबिन ८ असलेल्या बाईला चढावर दम लागणारच, आणि तिचा इलाज निराळा आहे.

पायरी ४: व्यायामाआधीची मोजमापं

आधी बीपी. ते २०० वर ११० च्या पुढे असेल तर त्या दिवशी चाचणी नको. मग डाव्या कुशीवर झोपवून मोजमाप. चार गोष्टी महत्त्वाच्या:

ई म्हणजे हृदय सैल झाल्याबरोबर मायट्रल झडपेतून येणाऱ्या रक्ताच्या पहिल्या लोंढ्याचा वेग. ए म्हणजे वरचा कप्पा आखडून जो दुसरा लोंढा ढकलतो त्याचा वेग. ई-प्राइम हा स्नायूचा स्वतःचा सैल होण्याचा वेग, झडपेच्या कडेला मोजलेला: हृदयाच्या डाव्या-उजव्या कप्प्यांमधल्या पडद्याच्या बाजूला सेकंदाला ७ सेंटिमीटरपेक्षा कमी किंवा बाहेरच्या भिंतीला १० पेक्षा कमी असेल तर तो मंद. चौथी टीआर व्हेलॉसिटी, म्हणजे उजव्या बाजूच्या ट्रायकस्पिड झडपेतून मागे येणाऱ्या रक्ताचा वेग. त्यावरून फुप्फुसाकडचा दाब कळतो. सोबत डाव्या वरच्या कप्प्याचं आकारमानही बघतात. तो फुगलेला असेल तर दाब बऱ्याच काळापासून वाढत असावा अशी शंका घ्यायची.

ई ला ई-प्राइमने भागलं की आपला मुख्य आकडा मिळतो. लोंढा जोराचा आणि स्नायू मंद असेल तर आकडा मोठा येतो, म्हणजे मागून दाब लावून रक्त कोंबलं जातंय.

इको करणाऱ्या तरुण मित्रांना एक विनंती. टीआरचा सिग्नल इथेच शोधून ठेवा, त्या खिडकीच्या जागी पेनाने खूण करा. नाडी चढल्यावर आणि छाती धापा टाकत असताना ती जागा नव्याने शोधायला वेळ मिळत नाही. सिग्नल फिका असेल तर हलवून फेसाळलेलं सलाइन शिरेतून दिलं की तो उठून दिसतो.

पायरी ५: व्यायाम, आणि थांबल्यानंतरची ती काही मिनिटं

सायकलवर २५ वॅटपासून सुरुवात, दर तीन मिनिटांनी आणखी २५ वॅट, पेडलचा वेग मिनिटाला साधारण ६० फेऱ्या. ट्रेडमिलवर बहुधा ब्रूस प्रोटोकॉल: पहिली तीन मिनिटं ताशी २.७ किलोमीटर आणि १० टक्के चढ, मग ४ किलोमीटर आणि १२ टक्के. गुडघे दुखणाऱ्यांना याहून सौम्य पायऱ्या मागता येतात, मागाच.

आता खरी मेख. नाडी साधारण ११० च्या पुढे गेली की ई आणि ए हे दोन लोंढे एकमेकांत मिसळतात. पडद्यावर दोन शिखरांऐवजी एकच डोंगर दिसतो आणि मोजणार काय हेच कळत नाही. ब्लॉकेज शोधायला नाडी वयानुसारच्या कमाल मर्यादेच्या ८५ टक्क्यांपर्यंत न्यायची असते (ही मर्यादा ढोबळमानाने २२० वजा वय). सैल होणं मोजायला ती १०० ते ११० च्या आसपास असेल तरच बरं. अँजायनाच्या रुग्णात आपल्याला दोन्ही उत्तरं हवी असतात, म्हणून क्रम असा ठेवावा: सायकलवर दुसऱ्या पायरीपाशी, लोंढे मिसळायच्या आत, ई, ई-प्राइम आणि टीआर घ्यायचे. मग जोर वाढवत न्यायचा आणि कमाल जोरावर भिंतींची हालचाल टिपायची. मग थांबायचं, आणि नाडी उतरून लोंढे वेगळे झाले की ई आणि ई-प्राइम पुन्हा घ्यायचे. वाढलेला दाब व्यायाम थांबताक्षणी उतरत नाही, काही मिनिटं टिकतो. त्यामुळे हे मोजमाप व्यायामाचंच धरता येतं.

ट्रेडमिलवर मधलं मोजमाप नसतंच, म्हणून सगळं शेवटच्या घाईवर. पट्टा थांबला की एरवी करतात तसं हळूहळू चालून निवायचं नाही. तडक पलंगावर, डाव्या कुशीवर. पहिल्या मिनिटाभरात भिंतींची चित्रं, लगेच टीआर, मग लोंढे वेगळे व्हायची वाट बघून ई आणि ई-प्राइम. मी चाचणीआधी रुग्णाकडून ही उडी दोनदा करून घेतो: "काकू, मी 'आता' म्हटलं की पट्ट्यावरून उतरून या पलंगावर डाव्या कुशीला. पाणी नंतर, बोलणं नंतर." रंगीत तालीम झाली की काकू खरोखर दहा सेकंदांत पलंगावर असतात.

रुग्णाने काय करायचं? खरं बोलायचं. छातीत दाटलं, जबडा किंवा डावा हात भरून आला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच सांगा. "डॉक्टर रागावतील" किंवा "टेस्ट वाया जाईल" म्हणून सोसू नका. त्रास जिन्यावरचाच आहे की वेगळा, हेही सांगा. माझ्या दृष्टीने हे वाक्य रिपोर्टवरच्या कोणत्याही आकड्याइतकंच मोलाचं. बीपी चढण्याऐवजी घसरलं, लय बिघडली, ईसीजीत मोठा बदल दिसला किंवा दुखणं वाढत गेलं तर आम्हीच थांबवतो. खोलीत डॉक्टर हजर असावा आणि शॉक द्यायचं मशीन तयार असावं. ते दिसलं नाही तर विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

पायरी ६: रिपोर्ट वाचणं

एक उदाहरण घेऊ. स्वस्थ असताना ई ७० आणि ई-प्राइमची सरासरी ६.५ (दोन्ही सेकंदाला सेंटिमीटर), म्हणजे भागाकार साधारण ११. टीआर सेकंदाला २.५ मीटर. ५० वॅटवर ई ११० झाली आणि ई-प्राइम कसाबसा ७, भागाकार जवळजवळ १६. टीआर ३.३. निरोगी माणसात ई वाढते तशीच ई-प्राइमही वाढते: ८० आणि १० वरून ११० आणि १४. भागाकार ८ चा ८ च राहतो. पहिल्या हृदयाचा स्नायू व्यायामाला साथच देत नाही, आणि चाचणी पकडते ते हेच.

अमेरिकन आणि युरोपीय इको संस्थांच्या २०१६ च्या शिफारशींनुसार तिन्ही गोष्टी जुळल्या तर चाचणी पॉझिटिव्ह: व्यायामात सरासरी भागाकार १४ च्या वर (किंवा पडद्याच्या बाजूचा १५ च्या वर), टीआर २.८ च्या वर, आणि मुळात पडद्याकडचा ई-प्राइम ७ पेक्षा कमी. भागाकार १० च्या आत आणि टीआर २.८ च्या आत राहिला तर निगेटिव्ह. २०१९ मध्ये युरोपातल्या तज्ज्ञांनी मांडलेल्या गुणपद्धतीत व्यायामात भागाकार १५ किंवा जास्त असेल तर २ गुण, सोबत टीआर ३.४ च्या वर गेला तर ३. हे आधीच्या गुणांत मिळवून बेरीज ५ झाली की सैल न होण्याने आलेलं हार्ट फेल्युअर धरतात. नुसता टीआर वाढला तर घाबरू नका. भरपूर रक्त फिरलं की तो निरोगी माणसातही चढतो.

उत्तर अधांतरी राहणंही नेहमीचं आहे. मायट्रल झडपेच्या कडेला चुना साचलेला असेल, डावा बंडल ब्लॉक (हृदयाच्या डाव्या बाजूच्या विजेच्या वाटेतला अडथळा) किंवा पेसमेकर असेल, मायट्रल झडपेचं ऑपरेशन झालेलं असेल किंवा लय एट्रियल फिब्रिलेशनची, म्हणजे वरचे कप्पे नुसते थरथरत असल्याने अनियमित, असेल, तर या भागाकारावर भिस्त ठेवता येत नाही. त्रास मोठा आणि उत्तर धूसर असेल तर शिरेतून कॅथेटर घालून, पेडल मारायला लावून फुप्फुसाकडचा वेज दाब (हृदयाच्या डाव्या बाजूच्या भरतानाच्या दाबाचा अंदाज देणारा) थेट मोजतात. व्यायामात तो २५ मिलिमीटर पारा किंवा जास्त झाला की शंका उरत नाही. ही सोय मोजक्याच मोठ्या केंद्रांत आहे.

अँजायनाच्या रुग्णात पुढचा प्रश्न: कारण काय? एखादी भिंत हलायची मंदावली आणि दाबही वाढला, तर त्या भागाच्या नळीत ब्लॉकेज असण्याची शक्यता मोठी, नळ्या तपासायला हव्यात. सगळ्या भिंती नीट हलल्या, दाब वाढला, छातीतही दाटलं, तर बारीक रक्तवाहिन्यांचा आजार, बीपीने जाड झालेला स्नायू, किंवा दोन्ही. यातलं नेमकं कोणतं हे ही इको एकटी सांगत नाही. बारीक वाहिन्यांसाठी ॲडेनोसिन (वाहिन्या रुंदावणारं औषध) देऊन रक्तप्रवाहाची राखीव क्षमता मोजावी लागते. रिपोर्टवर फक्त "पॉझिटिव्ह" असेल तर भिंतींमुळे की दाबामुळे, हे विचारून वेगळं लिहून घ्या.

पायरी ७: नंतर काय

बीपी घट्ट काबूत, वजन खाली, आणि ठरवून वाढवत नेलेलं चालणं. चालण्याच्या सरावाने या रुग्णांची क्षमता खरोखर वाढते, फक्त सुरुवात डॉक्टरांशी बोलून करायची. हार्ट फेल्युअर ठरलं तर एम्पाग्लिफ्लोझिन (२०२१) आणि डापाग्लिफ्लोझिन (२०२२) यांच्या मोठ्या चाचण्यांत, पंपिंग चांगलं असलेल्या रुग्णांत, फायदा दिसला आहे. मुळात साखरेची असलेली ही औषधं मधुमेह नसलेल्यांनाही देतात. पाणी साचलं असेल तर लघवीची गोळी. नायट्रेटने (सॉर्बिट्रेट त्यातलीच) अँजायनाचं दुखणं थांबतं, पण कडकपणा जात नाही. २०१५ च्या एका अभ्यासात अशा हार्ट फेल्युअरच्या रुग्णांना आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट रोज दिल्यावर त्यांची दिवसभराची हालचाल वाढण्याऐवजी घटलेली दिसली. म्हणून दम लागतो एवढ्यासाठी ती गोळी मनाने वाढवू नका. बीटा ब्लॉकरचंही तसंच: अँजायनाला उपयोगी, पण काही कडक हृदयांना चढावर नाडी पुरेशी चढू न दिल्याने जास्त थकवा येतो. ते डॉक्टरांना सांगा, डोस बदलता येतो.

रिपोर्टसोबत एक साधा कागद घरी ठेवा. किती वॅट किंवा ट्रेडमिलची कितवी पायरी, त्या वेळची नाडी आणि बीपी, कोणता त्रास कितव्या मिनिटाला, त्या दिवशी चालू असलेल्या गोळ्या, आणि आधीचा-नंतरचा भागाकार. सहा महिन्यांनी चाचणी पुन्हा करायची ठरली तर ती त्याच यंत्रावर, त्याच गोळ्यांवर करा आणि तुलना त्याच वॅटला करा. काकूंच्या कागदावर मी खाली आणखी एक ओळ लिहायला सांगितली होती: "जिन्यात कुठे थांबले." दर रविवारी त्या ती भरतात.